'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६): नायकाच्या मागे बघायला लावणारा सिनेमा

ओलीवाट:

(इथे शेवटासकट सगळी गोष्ट उघड होणार आहे. ज्यांना काहीही माहीत नसताना बघायचाय, त्यांनी आधी सिनेमा बघा आणि मग या.)

अल्फोन्सो क्वारोनचा 'चिल्ड्रन ऑफ मेन' पुन्हा पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. इथल्या जुन्या धाग्यांवर त्याचा ओझरता उल्लेख आलाय, तोही 'तो लांबलचक शॉटवाला' एवढाच. मला सविस्तर बोलायचंय. इतकी काळीकुट्ट गोष्ट इतकी देखणी का वाटते, हा प्रश्न मला छळतोय.

गोष्ट २०२७ सालच्या इंग्लंडची. अठरा वर्षांत पृथ्वीवर एकही मूल जन्मलेलं नाही. का, ते कुणाला कळलेलं नाही आणि सिनेमाही सांगत नाही. बाकीचे देश कोलमडलेत. ब्रिटन लष्कराच्या जोरावर कसाबसा उभा आहे आणि जगभरातून आलेल्या निर्वासितांना धरून पिंजऱ्यांत कोंडतोय. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांच्यासाठी 'क्वायटस' नावाचं मरणाचं औषध डब्यात घालून मिळतं आणि टीव्हीवर त्याची जाहिरात लागते.

पहिल्याच दृश्यात एका कॅफेत माणसं टीव्हीकडे तोंड करून उभी आहेत. जगातला सगळ्यात लहान माणूस, दिएगो, मारला गेल्याची बातमी चाललीय. वय अठरा. अख्ख्या पृथ्वीचं शेंडेफळ गेलंय आणि लोक रडतायत. थिओ (क्लाइव्ह ओवेन) गर्दीतून वाट काढत कॉफी घेतो, बाहेर येतो, फूटपाथवर थांबून कपात दारू ओततो, तेवढ्यात मागे कॅफेत स्फोट होतो. मध्ये कुठेही काट नाही, शॉट तुटत नाही. हा माणूस रडत नाही, थांबत नाही, त्याला कशाचंच काही राहिलेलं नाही. पुढे कळतं की त्याचा लहानगा मुलगा डिलन २००८ च्या फ्लूच्या साथीत गेलाय.

आता माझं म्हणणं. पूर्ण सिनेमाभर कॅमेरा थिओबरोबर चालतो, पण थिओ जिकडे बघायचं टाळतो तिकडे बघतो. तो स्टेशनवरून जाताना पिंजऱ्यात उभी केलेली माणसं दिसतात. थिओ मान खाली घालून पुढे जातो. कॅमेरा मात्र रेंगाळतो. एक म्हातारी जर्मनमधून काकुळतीला येऊन काहीतरी सांगत असते. सबटायटल्स नाहीत. तिचं म्हणणं आपल्याला कळावं याची कुणी सोय केलेली नाही, कारण त्या जगात कुणालाच ते ऐकायचं नाहीये. बसमधून बेक्सहिलच्या निर्वासित छावणीत शिरताना खिडकीबाहेर डोक्यावर बुरखा चढवून उभा केलेला माणूस दिसतो. २००४ साली इराकमधल्या अबू घरैबच्या तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांच्या पोटात गोळा येईल. बसमधल्या कुणाचंही तिकडे लक्ष नाही.

सौंदर्य मला तिथे सापडतं. छायाचित्रकार एमान्युएल लुबेझ्कीचा प्रकाश राखाडी आहे, ढगाळ, ओला. कुठे सोनेरी संध्याकाळ नाही की निळाशार समुद्र नाही. पण ज्या माणसांकडे गोष्टीतलं कुणीच बघत नाही त्यांच्याकडे कॅमेरा इतक्या मनापासून बघतो की त्या बघण्यालाच एक माया येते.

बॅटरसी पॉवर स्टेशनचं दृश्य आठवा. थिओचा सरकारी नातेवाईक जगभरातून वाचवलेल्या कलाकृती तिथे जमवून बसलाय. मायकेलअँजेलोचा डेव्हिड उभा आहे, एक पाय गुडघ्याखाली गायब. जेवणाच्या टेबलामागे भिंतभर पिकासोची 'गेर्निका'. खिडकीबाहेर आकाशात फुगवलेलं डुक्कर तरंगतंय, पिंक फ्लॉइडच्या १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'च्या मुखपृष्ठावरून उचललेलं. थिओ विचारतो की शंभर वर्षांनी हे बघायला कुणी नसणार, मग कशासाठी? उत्तर येतं की मी त्याचा विचारच करत नाही. बॉम्बहल्ल्यातल्या किंकाळ्यांचं ते चित्र आणि त्याच्याकडे पाठ करून जेवणारी माणसं एकाच चौकटीत आहेत. मला वाटतं क्वारोनला जे म्हणायचंय ते त्या चौकटीत सगळं आलंय.

आणि तो जिना. की नावाची आफ्रिकन निर्वासित मुलगी बाळ छातीशी धरून गोळीबार चाललेल्या इमारतीतून खाली येते, शेजारी थिओ. बाळ रडतं. अठरा वर्षांनी माणसांच्या कानावर तो आवाज पडतोय. दारादारातून माणसं बाहेर येतात, कुणी हात पुढे करून पायाला स्पर्श करतं, कुणी गाणं पुटपुटतं. सैनिक ओरडतात, गोळीबार थांबवा. थांबतो. सैनिक बाजूला होतात, काही गुडघे टेकतात, छातीवर क्रूस काढतात. बाळ त्यांच्या मधून पुढे निघून जातं. मग कुठूनतरी एक रॉकेट सुटतं आणि सगळे पुन्हा एकमेकांना मारायला लागतात.

ही लढाई त्या क्षणापुरती थांबते हे खरं, पण ती पुन्हा सुरू होते हे दाखवण्याचं धैर्य किती दिग्दर्शकांकडे असतं? मी त्या दृश्याला हमखास रडते. ते थांबणं सुंदर आहे म्हणून रडते की ते टिकत नाही म्हणून, सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?


कैरीपन्हं:

फार सुंदर लिहिलंय. पाहिला नाहीये, तरी सगळं वाचून काढलं. हिंसा कितपत आहे? मला रक्त फारसं सहन होत नाही.


ओलीवाट:

@कैरीपन्हं, हिंसा आहे आणि अचानक येते. सुरुवातीच्या स्फोटानंतर एक बाई स्वतःचा तुटलेला हात घेऊन चालत येते, तेवढं एक जड जाईल. पण रक्ताची मजा घेतलीय असं कुठेही वाटत नाही. दिवसा बघा, आणि कुणाला तरी सोबत घेऊन बघा.


दर्यावर्दी:

धागा वर काढल्याबद्दल आभार. मी छायाचित्रण शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गात हा सिनेमा पारायण केल्यासारखा बघितला जायचा, त्यामुळे 'लांबलचक शॉटवाला' म्हणणाऱ्यांत मीही आहे. त्या शॉट्सबद्दल थोडं, कारण ओलीवाट म्हणतायत त्याच्याशी याचा संबंध आहे.

गाडीवर हल्ला होतो तो प्रसंग चार मिनिटांहून थोडा जास्त. पाच माणसं गाडीत, थट्टामस्करी चाललीय, थिओ आणि ज्युलियन (त्याची पूर्वीची बायको, बंडखोरांची पुढारी) तोंडाने पिंगपाँगचा चेंडू एकमेकांकडे उडवतायत. मग रस्त्यात पेटती गाडी, जंगलातून धावत येणारा जमाव, मोटरसायकल, आणि ज्युलियनला गोळी लागते. ज्युलिअन मूरसारखी नामांकित अभिनेत्री इतक्या लवकर मरते की बघणारा सुन्न होतो. यासाठी गाडीच मुळात बदलली होती. कॅमेरा फिरताना वाटेत येणारा नट आसनासकट कलून खाली जाईल अशी व्यवस्था, समोरची काच बाजूला सरकणारी, आणि छतावर लुबेझ्कीसह चार जण बसलेले. हा अख्खा प्रसंग एका दमात झालेला नाही. सहा भागांत, वेगवेगळ्या चार ठिकाणी चित्रित करून ते तुकडे संगणकावर असे सांधले की शिवण सापडत नाही.

बेक्सहिलच्या लढाईच्या शॉटमध्ये लेन्सवर रक्ताचे थेंब उडतात. क्वारोन 'कट' म्हणून ओरडला होता, पण स्फोटांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही, असं त्यानेच नंतर सांगितलंय. त्या एका शॉटची मांडणी पुन्हा लावायची तर पाच तास लागत. ते थेंब राहू द्यावेत म्हणून लुबेझ्कीने त्याला पटवलं.

माझा मुद्दा असा, की काट मारला की दिग्दर्शक आपल्याला सांगतो 'इथे बघ'. न मारता चालत राहिला की चौकटीतलं सगळंच आपल्यासमोर सारख्या हक्काने असतं, थिओही आणि रस्त्याकडेला पडलेलं प्रेतही. ओलीवाट ज्याला माया म्हणतायत ती मला या काट न मारण्यातून आलेली वाटते.


निशिगंध:

दर्यावर्दी, अगदी पटलं. शिवाय ऑस्करबद्दल अजून राग येतो. पटकथा, छायाचित्रण आणि संकलन अशी तीन नामांकनं, हातात काही नाही. चित्रपटगृहांतही निर्मितीचा खर्च भरून निघाला नाही. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांनी तरी छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनाला मान दिला. लुबेझ्कीला पुढे 'ग्रॅव्हिटी', 'बर्डमॅन', 'द रेव्हेनंट' अशी लागोपाठ तीन ऑस्कर मिळाली, पण मला त्याचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं.


रानभूल:

जरा वेगळं मत मांडते. सिनेमा मलाही आवडतो, पण की या पात्राबद्दल माझी तक्रार आहे. ती कोण, कुठून आली, घरी कोण होतं, तिला काय हवंय, यातलं फारच थोडं कळतं. सगळे तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवतायत. बंडखोरांना तिचं बाळ झेंड्यासारखं हवंय, सरकारला कळलं तर तेही तिला सोडणार नाही, आणि चांगली माणसं तिला जपतायत. निर्णय घेताना ती क्वचितच दिसते. निर्वासितांकडे बघायला लावणारा सिनेमा असं आपण म्हणतोय, मग ज्या निर्वासित मुलीभोवती गोष्ट फिरते तिच्याच आत का डोकावत नाही?

पी. डी. जेम्सच्या १९९२ च्या मूळ कादंबरीत तर गरोदर बाई ज्युलियन आहे, 'की' हे पात्रच नाही. कादंबरीत वांझपण पुरुषांकडे आहे, सिनेमात ते स्त्रियांकडे आलं. हा बदल मला खटकतो. जगाचा नाश बाईच्या गर्भाशयात आणि जगाची आशाही तिथेच.


ओलीवाट:

रानभूल, तक्रार रास्त आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. वांझपणाच्या बदलाबद्दल तर पूर्ण सहमत. फक्त दोन गोष्टी कीच्या बाजूने. गोठ्यातलं दृश्य, जिथे ती थिओला पोट दाखवते. तिथे कुणावर विश्वास टाकायचा हे तिने स्वतः ठरवलंय, कारण ज्युलियन गेल्यावर बाकी कुणावर टाकावा असं तिला वाटत नाही. आणि मुलीचं नाव ती ठेवते. थिओच्या गेलेल्या मुलाचं, डिलन. क्लेअर-होप अशितीने ते इतकं सहज केलंय की भाषण झाल्यासारखं अजिबात वाटत नाही. पण तिला याहून जास्त जागा मिळायला हवी होती, हे खरंच.


अंगणवेल:

मी जिल्हा रुग्णालयात लेबर रूमला परिचारिका आहे. प्रसूतीच्या दृश्याबद्दल लिहावंसं वाटलं.

आधी जे खटकलं ते. पहिलटकरणीला बसमध्ये कळा सुरू होतात आणि रात्र सरायच्या आत बाळंत होते. पहिल्या खेपेला बहुधा इतकं झटपट होत नाही, बारा-चौदा तास सहज जातात. घाबरलेल्या, दमलेल्या, उपाशी मुलीचं तर आणखी रेंगाळतं.

पण बाकीचं! घाणेरडी खोली, जमिनीवर अंथरलेलं काहीतरी, थिओ आपल्याजवळच्या दारूने हात धुतो. त्याला काहीच येत नाही, तरी तो तिथून हलत नाही. बाळ बाहेर येतं आणि थंडीत त्याच्या श्वासाची वाफ दिसते. ते बाळ संगणकावर बनवलंय हे मला कुणीतरी नंतर सांगितलं, विश्वास बसला नाही. बाळ बाहेर येऊन पहिलं रडेपर्यंत जी काही सेकंदं असतात, त्यात खोलीतलं कुणीही श्वास घेत नाही. माझी नोकरीची इतकी वर्षं झाली तरी माझाही थांबतो. सिनेमात ती सेकंदं बरोबर पकडलीयत.

आणि मिरियम. ती सुईण आहे. ओस पडलेल्या शाळेत बसून ती सांगते की आधी गर्भपात वाढत गेले, मग पुढच्या महिन्यांच्या नोंदवहीत नावंच येईनात, दुसऱ्या दवाखान्यातल्या मैत्रिणीला फोन केला तर तिथेही तेच. आमच्याकडेही नोंदवही असते. तिची पानं कोरी राहिलीयत असं डोळ्यासमोर आलं आणि मला सिनेमा थांबवावा लागला. नंतर तीच मिरियम कीला वाचवायला बसमध्ये वेडी झाल्याचं सोंग घेते, सैनिक तिला खाली ओढतात आणि डोक्यावर काळी पिशवी चढवतात. तिचं पुढे काय झालं कळतच नाही. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात शूर व्यक्ती ती आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.


ओलीवाट:

अंगणवेल ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मिरियमसाठी तो भाग पुन्हा लावला. त्या खोलीतल्या फुटक्या काचेतून बाहेर झोक्यावर बसलेली 'की' दिसते, आणि शाळेच्या बोळातून एक हरीण धावत जातं. मिरियम बोलत असताना माझं लक्ष आजवर हरणाकडेच जायचं.


पाटीपेन्सिल:

मी निवृत्त शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली. मुलाने हा सिनेमा लावून दिला, इंग्रजी सगळं समजलं नाही, पण शाळेचं दृश्य समजायला भाषा लागली नाही.

आमच्याकडे गावं मुंबईला गेली. वाडीत म्हातारी माणसं उरली. माझ्या शेवटच्या शाळेत पट घसरत घसरत एका मुलीवर आला. ती चौथी पास झाली आणि शाळेला कुलूप लागलं. त्या शेवटच्या वर्षी मधल्या सुट्टीत ती एकटीच लंगडी खेळायची. मी सावंतवाडीपासून गुहागरपर्यंत किती सहकाऱ्यांकडून हेच ऐकलंय. पोरं जगात आहेत, शहरात आहेत, हे माहीत असूनसुद्धा शाळेच्या आवारातली ती शांतता अंगावर येते. सिनेमात तर पोरं कुठेच नाहीत. बाकीची मारामारी नसती तरी त्या एका शाळेवर मला जगाचं काय झालं ते कळलं असतं.


निशिगंध:

गुरुजी, काय लिहू. वाचून गप्प झाले.


टेम्सकाठ:

मी गेली काही वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राहतो. खरं बेक्सहिल बघून आलोय. निवृत्त लोकांचं, शांत, वाऱ्याचं गाव. १९३५ साली बांधलेलं डे ला वॉर पॅव्हिलियन समुद्राला लागून उभं आहे, पांढरंशुभ्र, गॅलरीत बसून चहा घेता येतो. क्वारोनने छावणीसाठी अशा गावाचं नाव घेतलं याचा इथल्या माणसाला बसणारा धक्का वेगळाच असणार. आणि ज्या बॅटरसी पॉवर स्टेशनात डेव्हिड ठेवलाय, ते २०२२ मध्ये मॉल आणि कार्यालयं होऊन पुन्हा उघडलं.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. सिनेमात जागोजागी पाट्या आहेत की बेकायदा राहणाऱ्यांना कामावर ठेवणं, आसरा देणं गुन्हा आहे, कळवा. २००६ साली भारतात बघितला तेव्हा हे कल्पनेतलं वाटलं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर इथे राहून पुन्हा बघितला तेव्हा वाटलं नाही. मी इथे रीतसर व्हिसावर आलो, कागदपत्रं चोख आहेत, तरी बसमध्ये सैनिक चढतात त्या दृश्यात माझा हात आपोआप खिशाकडे गेला. ओलीवाट म्हणतात की कॅमेरा मागच्या माणसांकडे बघतो. मी बघताना पूर्ण वेळ मागच्या माणसांत आपला चेहरा आहे का हे शोधत होतो. छावणीत कुठेकुठे आपल्याकडचे वाटावेत असे चेहरे दिसले.


दर्यावर्दी:

टेम्सकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.


कुंपणावरचा:

सगळे सुंदर लिहितायत, मी मूळ प्रश्नाकडे वळतो. मला हा सिनेमा निराशेचा वाटत नाही. शेवटी धुक्यातून 'टुमॉरो' जहाज येतं. छोट्या नावेत कीच्या मांडीवर बाळ आहे. पडदा काळा होतो आणि मुलांच्या हसण्याचे आवाज येतात. याहून स्पष्ट आशा कोणती?


रानभूल:

कुंपणावरचा, पण त्याच नावेत थिओ गोळी लागून मेलाय. जहाजावर कोण आहे हे आपल्याला माहीत नाही. ह्यूमन प्रोजेक्ट, म्हणजे वांझपणावर उपाय शोधणारा ज्या गटाकडे कीला पोचवायचंय तो, खरंच आहे का, हे सिनेमाभर कुणालाच खात्रीने ठाऊक नसतं. आणि एका मुलीने मानवजात कशी वाचणार? मागे बेक्सहिलवर विमानं बॉम्ब टाकतायत. तिथे पायाला हात लावणारी ती सगळी माणसं राहिलीयत. नाव ढकलून देणारी मारिचकासुद्धा किनाऱ्यावरच राहिली, तिला चल म्हटलं तरी आली नाही. आशा कीला आहे, त्यांना नाही.


ओलीवाट:

इथे मी दोघांच्या मध्ये आहे, पण रानभूलकडे झुकलेली. ते हसण्याचे आवाज भविष्यातले आहेत की जुन्या जगाची आठवण, हे क्वारोन सांगत नाही. ज्याला जे ऐकू यायचं ते येईल. नामावलीच्या शेवटी तीन वेळा 'शांती' येतं, आपल्या शांतिपाठाच्या शेवटी येतं तसंच. शांतिपाठ आपण सगळं ठीक झाल्यावर म्हणत नाही, ठीक व्हावं म्हणून म्हणतो. मला शेवट तसा ऐकू येतो.

थिओबद्दल मात्र मला खात्री आहे. हा माणूस पूर्ण गोष्टीत एकदाही बंदूक हातात घेत नाही. आजूबाजूला सगळे गोळ्या झाडतायत, हा स्लिपर घालून धावतोय. कुत्री-मांजरं त्याला चिकटतात, एक मांजरीचं पिल्लू तर पायावर चढायला बघतं. सुरुवातीला ज्याला दिएगोचं काही वाटलं नाही, तो शेवटी दुसऱ्याच्या बाळाला ढेकर कसा काढायचा हे सांगत मरतो. जग वाचो न वाचो, तो वाचला असं मला वाटतं.


अंगणवेल:

"पाठीवर थोपट" हे तो सांगतो ना, तेव्हा कळतं की डिलनला त्यानेच थोपटलेलं होतं.


कुंपणावरचा:

रानभूल, मारिचकाचा मुद्दा मान्य. तिला विसरलो होतो. तरी माझं मत बदलत नाही, पण आता शेवट बघताना किनाऱ्याकडेही बघेन.


कैरीपन्हं:

आज पाहिला, धाकट्या भावाला सोबत घेऊन. हातवाली बाई आली तेव्हा डोळे मिटले, बाकी पूर्ण बघितला. गाडी उतारावरून ढकलत पळतात ते दृश्य कुणीच सांगितलं नव्हतं! गाडी सुरूच होत नाही, चिखल, मागे धावणारी माणसं, आणि सगळा पाठलाग चालण्याच्या वेगाने. भाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. थिओच्या म्हाताऱ्या मित्राला, जॅस्परला, मारतात तिथे मात्र दोघंही खूप रडलो. मायकेल केनला लांब केसांत ओळखलंच नाही आधी.

एक शंका. मारिचका जे बोलते त्याची सबटायटल्स आमच्याकडे आली नाहीत. आमच्या प्रतीत गडबड आहे का?


ओलीवाट:

गडबड नाही, तशीच ठेवलीयत. ती रुमानियन बोलते, ओआना पेल्या ही रुमानियाचीच अभिनेत्री. थिओला तिची भाषा येत नाही म्हणून आपल्यालाही कळू द्यायची नाही, असं मी समजते. पुन्हा बघाल तेव्हा इंग्रजी सबटायटल्स मात्र चालू ठेवा, सिड (त्यांना छावणीत नेणारा पहारेकरी) आणि जॅस्परचे बरेच संवाद नाहीतर निसटतात. कुणाला रुमानियन किंवा जर्मन येत असेल तर ती म्हातारी आणि मारिचका नेमकं काय म्हणतात ते इथे जरूर लिहा. मला फार वर्षांपासून जाणून घ्यायचंय.


टेम्सकाठ:

माझी एक सहकारी रुमानियन आहे. सोमवारी तिला दाखवतो आणि लिहितो.